सोयाबीनच्या ड्रममधली ठकठक

मी एक जुना सोयाबीन भाजायचा ड्रम आहे. मित्रांनो, नाव ऐकून नाक मुरडू नका. तुमच्या अंड्यामागे कोंबडी, कोंबडीमागे खाद्य आणि खाद्यामागे माझे पोट असते. कच्च्या सोयाबीनमध्ये एक खोड असते. पिल्ले ते पोटभर खातात, पण त्यांच्या अंगी काहीच लागत नाही. नीट भाजले की ती खोड मोडते. जास्त भाजले तर दाण्यातला कसच जळतो. म्हणजे सगळा खेळ वेळेवर दार उघडण्याचा.

मला एका वेल्डरने जाड पत्र्यातून घडवले आणि एका भट्टीवाल्याने कोंबड्यांच्या शेडमागच्या खोलीत बसवले. शेड त्याच्या बहिणीची. माझ्याखाली जाळ असायचा, पोटात पाती फिरायची आणि दाणे खळखळायचे. भट्टीवाला बाजूच्या झडपेतून दाणा काढून दाताखाली धरायचा. कच्चा दाणा चिवट लागतो, भाजलेला कटकन फुटतो. तसा फुटला की तो सळईने माझ्या पाठीवर दोन टोले द्यायचा. मग त्याची बायको जाळ बंद करून दार उघडायची. तिने स्वतः कधी दाणा चावला नाही. लोक माझी वाहवा करायचे आणि मीही फुशारून जायचो; खरी करामत त्या दातांची होती.

पुढे भट्टीवाला तापाने गेला. मी गार पडलो. माझ्या तोंडावर कोळ्यांनी जाळी विणली. मग एका सकाळी त्याची बायको पदर खोचून आली. तिने दाणे ओतले, जाळ पेटवला आणि सवयीने टोल्यांची वाट पाहू लागली.

टोले आले. सळई तर खुंटीला होती. मित्रांनो, ते आतून आले होते! मी लोखंडाचा, पण माझ्याही अंगावर काटा आला. तिच्या चेहऱ्यावर मात्र कितीतरी दिवसांनी हसू उमटले.

"आलात?" ती म्हणाली आणि तिने दार उघडले. दाणे अगदी बेताने भाजले होते.

मग रोज तसेच होऊ लागले. ती माझ्याशेजारी बसून घरातले बारीकसारीक सांगायची. पण हळूहळू टोले लवकर यायला लागले. दाणे धड तापलेलेही नसत, तरी ती दार उघडायची. मला कळत होते, पण मी सांगणार कसा? शेडमधली पिल्ले दिवसभर चोची मारायची आणि रोज थोडी हलकी व्हायची. त्यांचा चिवचिवाट थांबला. नुसता चोचींचा आवाज उरला.

एक दिवस नणंद तळहातावर पिल्लू घेऊन आली. "वहिनी, बघ गं, नुसती पिसं उरलीत. दाणे कच्चे येतायत. ही पिल्लंही गेली तर शेडला कुलूप लावावं लागेल मला."

"कच्चे कसे असतील, ताई? यांनी सांगितल्याशिवाय मी काढतच नाही."

"कोणी सांगितल्याशिवाय?"

तिची नजर माझ्याकडे वळली. नणंदेनेही माझ्याकडे पाहिले आणि ती हळूच मागे सरकली.

दुसऱ्या दिवशी जाळ पेटताच टोले पडले. तिचा हात कडीवर गेला आणि थबकला. तिने पहिल्यांदाच झडपेतून दाणा काढून दाताखाली धरला आणि थुंकून टाकला.

"अहो, कच्चं आहे हे."

पुन्हा टोले. या वेळी दारावर, घाईघाईने.

"थांबा म्हणते ना! ताईंची पिल्लं मरतायत."

ती रडत होती, पण फडक्याने कडी घट्ट दाबून धरली होती. आत ठोकणे वाढले, मग खरवडणे सुरू झाले, मग ते मंदावत गेले. शेवटी दाणा तिच्या दाताखाली कटकन फुटला. तिने दार उघडले. आत फक्त दाणे होते, खमंग, सोनेरी.

त्यानंतर टोले कधीच आले नाहीत. शेडमध्ये पुन्हा कलकलाट सुरू झाला. आता ती प्रत्येक घाण्याला दाणा चावून बघते. "मी थांबा म्हटलं आणि ते थांबले," असे ती नणंदेला समाधानाने सांगते.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना वेळच्या वेळी तेल द्या, गंज चढू देऊ नका. आणि माझी एवढी विनंती ऐका. भट्टीवाला दाणे भाजून झाले म्हणून ठोकत नव्हता, त्याला बाहेर यायचे होते. हे तिला कधीही सांगू नका.