कोलफॅक्सची परतीची चाल

गस विस्निएव्स्कीकडून म्हातारा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा गडी, घ्यायचा नाही, हे ईरी गावातल्या त्या बारा जणांच्या अमेरिकन फुटबॉलच्या फँटसी लीगमध्ये शेंबड्या पोरालाही कळत होतं. संघ कागदावरचे, खेळाडू मात्र खरे; ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्या संघाला. एकदा घेतलेला खेळाडू विकेपर्यंत वर्षानुवर्षं आपलाच. गसने विकलेला गडी एक हंगाम झकास पास झेलायचा आणि दुसऱ्या वर्षी साफ ढेपाळायचा. असं सात वेळा झालं होतं. लोक त्याच्या नावाने बोटं मोडायचे आणि मनातल्या मनात त्याला हात जोडायचे.

शाळेची बस चालवणाऱ्या मार्लीनने अकरा वर्षांत एकदाही कप उचलला नव्हता. तिच्याकडे मोलाची गोष्ट एकच होती, पुढच्या वर्षीच्या नव्या खेळाडूंमधली पहिली निवड. ऑगस्टमध्ये गसच्या गॅरेजमध्ये सगळे पेपरोनी बॉल्स चापत बसलेले असताना त्याने नेमकी तीच मागितली.

"बदल्यात माझा रिसीव्हर कोलफॅक्स घेऊन जा."

"एकतीस वर्षांचा? मी काय खुळी वाटले तुला?"

"तू पण वयच बघ सगळ्यांसारखी! पाय बघ त्याचे. झेल घेतल्यावर परत कसा येतो? दुडकत. ज्या दिवशी चालत येईल ना, त्या दिवशी संपला."

"मग विकतोस कशाला?"

"त्या दिवसाच्या आधी विकायचा असतो, पोरी. एक हंगाम आहे त्याच्यात. मग तूही विक. ही गाढवं जीव लावून बसतात आणि मला शिव्या घालतात."

"गेली बिचारी!" कोपऱ्यातून डेल ओरडला. सगळे हसले.

गसने चाळीस वर्षं रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात चाकं तपासली होती. कुठलं चाक तडकणार, हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. मार्लीनने हात पुढे केला. त्या गॅरेजमध्ये हात मिळवला की सौदा पक्का.

डिसेंबरात अंतिम सामना पडला तो गसशीच. कोलफॅक्सने नऊ झेल घेतले, दोन टचडाउन केले आणि जुन्या मालकाला धूळ चारली. गसने स्वतःच्या हाताने तिला कप दिला, तोही खदाखदा हसत. असा माणूस विरळाच, असं तिला तेव्हा अगदी मनापासून वाटलं.

मार्चमध्ये त्याचा फोन आला.

"कोलफॅक्स परत दे. तुझी पहिली निवड तुला परत देतो."

कपही मिळाला आणि निवडही परत! नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण अंतिम सामन्याचं चित्रण तिने चार वेळा पाहिलं होतं.

"गस, शेवटचे तीन झेल बघितलेस?"

"बघितले की."

"तो चालत परत आला रे. तिन्ही वेळा."

"मला दिसलं नाही," गस हळूच म्हणाला. मग खाकरला. "वेडी आहेस. हे सांगायचं नसतं गिऱ्हाइकाला."

"तू मला सांगितलं होतंस," मार्लीन म्हणाली. "सगळ्यांदेखत."