एकेचाळीस मेंढ्यांची माफी

कुरण ओलं असल्यामुळे हॅलम आजोबांच्या मेंढ्या लंगडत होत्या. त्यांना वरच्या कोरड्या माळावर हलवा, एवढं सांगायला काउंटीने आजवर तीन शेती सल्लागार पाठवले आणि आजोबांनी तिघांनाही परत धाडलं. चौथी शाल्मली, लंडनच्या स्टॅनमोर उपनगरातली, अजून प्रोबेशनवर. हे जमलं नाही तर नोकरी गेलीच.

“दहा मिनिटं,” आजोबा घड्याळ बघत म्हणाले.

शाल्मली फाटकातून आत शिरली आणि तिचा बूट एका मेंढीला लागला. आईने लावलेल्या सवयीने तिने वाकून मेंढीला हात लावला आणि तोच हात छातीला लावला.

“हे काय केलंस?”

“पाय लागला ना. माफी मागितली.”

आजोबांनी काळ्या तोंडाच्या एका मेंढीकडे बोट दाखवलं. “तुझ्या आधी आलेल्या सल्लागार बाईने त्या काळतोंडीच्या पायावर पाय दिला होता. माफी नाही मागितली.”

“तिच्या वतीने मी मागते.”

“आणि तिच्याही आधीचा तो टायवाला? तो तर अख्ख्या कळपावर ओरडला.”

कळपात एकेचाळीस मेंढ्या होत्या. शाल्मलीने बाह्या सरसावल्या. सतराव्या मेंढीपाशी आजोबा कुजबुजले, “हिच्यापुढे जरा नीट वाक. मानी आहे.”

शेवटची आटपली तेव्हा आजोबांनी स्वतः वरच्या माळाचं फाटक उघडलं. “चला बायांनो,” ते मेंढ्यांना म्हणाले, “पोरगी वळणाची आहे. ऐकू तिचं.”