जुस्तीनचं कापड

प्रतिमाताईंनी खालच्या मजल्यावरचं दार ठोठावलं ते भांडायच्या तयारीनंच. आठव्या महिन्यात शिवांगीचं बाळ पोटातच गेलं, त्याला आज अकरा दिवस झाले होते. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या नागपूरहून अमेरिकेत हर्नडनला आल्या होत्या. डिंकाचे लाडू त्यांनी फ्रीजरमध्ये मागे सारले आणि कुणाचं चुकलं ते शोधत बसल्या. आज त्यांना ते सापडलं होतं.

गेले चार महिने शिवांगी रोज दुपारी या जुस्तीनकडे बसायची. म्हातारी काँगोतल्या कुबा लोकांतली. राफिया नावाच्या ताडाच्या पानांचं विणलेलं कापड, त्यात सुईनं टाका घ्यायचा, गाठ न मारता दोरा कापायचा, की मखमलीसारखी लव उभी राहते. तिच्या गावात हे काम पोटुशा बायका बसल्या बसल्या करतात, म्हणे. ते कापड मयतासाठी असतं, हे मात्र आज जिन्यात तिच्या नातीच्या तोंडून कळलं.

दार उघडताच प्रतिमाताईंनी मोडक्या इंग्रजीत तोंड सोडलं. दिवस गेलेल्या पोरीच्या हातात कुणी मढ्याचं कापड देतं का, असं त्यांनी तीनदा विचारलं. जुस्तीननं सगळं ऐकून घेतलं आणि ती खुर्चीत जाऊन बसली. मांडीवर तिनं कोरं कापड घेतलं, एका कोपऱ्यात बोटभर भरलेलं. शिवांगी ज्याला हातभार लावायची, ते दोन वर्षं चाललेलं जुनं कापड कुठंच दिसेना.

"ते कुठंय?"

"बाळाला त्यात गुंडाळलं. हॉस्पिटलात, मीच."

प्रतिमाताई तेव्हा हॉस्पिटलच्या त्या खोलीत खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी बाळ पाहिलंच नव्हतं.

जुस्तीन सावकाश सांगत राहिली. ते कापड तिनं स्वतःच्या मरणासाठी भरलं होतं. कापड अंगावर नसलं तर मेलेलं माणूस तिकडं परकं ठरतं, कुणी जवळ करत नाही.

"माझी आई आहे तिथं. ती टाके ओळखेल. त्याला घेईल."

प्रतिमाताईंनी तिच्या मांडीवरच्या बोटभर कामाकडं पाहिलं, मग तिच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांकडं. हे काही पुरं होणार नव्हतं. त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. भांडण कुठं गेलं ते त्यांनाही कळलं नाही, नुसतं रडू येत राहिलं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं,

"नाक कसं होतं त्याचं?"

जुस्तीननं हात पुढं केला आणि प्रतिमाताईंचा चेहरा कपाळापासून चाचपत बोटं नाकावर थांबवली.

"हे," ती म्हणाली.