सुनेचा केस आणि लेकाचं नख

बोरामला घरात गडद अक्रोडी जमीन हवी होती. पांढऱ्या भिंती, पांढरी दारं आणि पायाखाली काळसर लाकूड. भाड्याच्या घरातल्या पिवळ्या, फुगे आलेल्या प्लास्टिकच्या फरशीवर झोपून तिचा जीव विटला होता. आता कोरियातल्या देगू शहरात स्वतःचा फ्लॅट झाला होता, लहानसा का असेना.

लाकडी जमिनीच्या दुकानात बूट काढून आत गेलं की जिकडेतिकडे नमुन्याच्या फळ्या. दुकानदार नामसाहेब बोलायला गोड. "ताई, घराचं तोंड उत्तरेला, म्हणजे खोल्या थोड्या अंधाऱ्या वाटणार. पण भिंती पांढऱ्या आहेत, दिवे पिवळसर लावा, अक्रोड उठून दिसेल. सोफा तेवढा फिक्या रंगाचा घ्या." नवरा ग्यूचान फोनवर बेसबॉल बघत "हं" म्हणाला. झालं, ठरलं.

तेवढ्यात बरोबर आलेल्या सासूबाई फळ्यांपुढे फतकल मारून बसल्या.

"सूनबाई, इकडे ये. वाक जरा."

कानात काही सांगायचं असेल म्हणून बोराम वाकली. म्हातारीनं तिच्या डोक्यातला एक केस खसकन उपटला. सोलायला घेतलेल्या कोंबडीचं पीस ओढावं तसा.

"आई गं!"

सासूबाईंना त्याचं काय! त्यांनी तो केस अक्रोडाच्या फळीवर ठेवला आणि डोळे बारीक केले. "दिसत नाही मेला." मग ओकच्या फळीवर ठेवला. मग दुधाळ रंगाच्या फळीवर ठेवला, आणि तिथं तो भातातल्या केसासारखा किळसवाणा दिसला. सासूबाई खुलल्या.

"हाच घ्या. नुसतं दारात उभं राहिलं तरी कळतं, घर पुसलंय का नाही."

"दारात कोण उभं राहणार आहे, आई?"

"मी. ग्यूचाननं कुलपाचा नंबर दिलाय की मला. तुम्ही कामावर गेलात की येऊन बघत जाईन."

बोरामनं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं फोनमध्ये मान आणखी खाली घातली.

जन्मभर गुडघ्यांवर रांगत ओलं फडकं फिरवायचं आणि माघारी ही बाई येऊन आपले केस वेचणार. सकाळपासून तळव्याला काहीतरी टोचत होतं. तिनं पाय वर घेतला आणि मोज्याच्या विणीत अडकलेला तुकडा उपसून काढला. पायाच्या अंगठ्याचं नख. जाड, पिवळं, बाकदार.

ते तिनं दुधाळ फळीवर टाकलं. दिसेना. अक्रोडावर टाकलं, तर लखलखलं.

"आई, हे तुमच्या लेकाचं. जेवायच्या जागी बसून कापतो आणि तिथंच सोडून उठतो. अक्रोड घेऊ. मग दारातून हेही दिसेल तुम्हाला."

"शी! चारचौघांत काय काढतेस? लाज नाही?"

"माझा केस उपटताना कुठं होती लाज?"

नामसाहेब धावत एक राखाडी फळी घेऊन आला. "वाद कशाला! हा रंग घ्या. केस नाही, नख नाही, सांडलेला रस्सा नाही, काही म्हणजे काही दिसत नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त हाच खपतो."

ग्यूचाननं पहिल्यांदा मान वर केली. "हा भारी आहे! मिटलं की."

"पुसणार कोण?" बोरामनं विचारलं.

"अगं, दिसणारच नाही तर पुसायचं कशाला?"

हे तो हसत म्हणाला. तिला त्या हसण्याची शिसारी आली. घाण तशीच ठेवायची, फक्त नजरेआड करायची, आणि त्यावर उशी घेऊन पसरायचं. असल्या माणसाशेजारी झोपत होतो आपण.

"आणि कुलपाचा नंबर? तो बदलणार?"

"आता आईला कशाला दुखवायचं?"

बोराम दारापाशी गेली आणि बूट चढवू लागली.

"राखाडीच लाव. तू आणि आई राहा तिथं. मी भाड्याच्या घरातून हलत नाही."

"काहीतरीच! चेष्टा करतेस का?"

तिनं नाड्या आवळल्या. आत सासूबाई नामसाहेबावर कडाडत होत्या, "राखाडी? मग मी येऊन बघायचं काय रे, तुझं थोबाड?"

ग्यूचान मोज्यांवरच दारापर्यंत आला. एक बूट हातात घेतला, वळून आईकडे बघितलं. पुन्हा रस्त्याकडे बघेपर्यंत बोराम चौक ओलांडून गेली होती.