पहिला फर्मा

"अगं ताई, हे बघ की! तुझ्या धाकट्या बहिणीचं नाव छापून आलंय!"

चष्मेवाली एवढ्या जोरात ओरडली, की पलीकडे शिलाईला बसलेल्या बायकांचे हात थांबले. बाइंडिंगच्या त्या लांबलचक खोलीत सकाळपासून नव्या पुस्तकाचे फर्मे येऊन पडत होते. फर्मा म्हणजे छापलेला मोठा कागद. त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानं होतात आणि असे फर्मे ओळीने जुळवून शिवले की झालं पुस्तक. ताईचा जन्म या घड्या घालण्यात गेला होता. तिच्याहून वयाने मोठ्या बायकाही तिला ताईच म्हणत, आणि मालकसुद्धा.

"माहितीये मला," ताई म्हणाली. "ओरडतेस काय आग लागल्यासारखी?"

आग लागली होती, पण ती ताईच्या पोटात. गेले कित्येक महिने घरात दुसरा विषय नव्हता. धाकटीची कादंबरी, धाकटीचं कव्हर, धाकटीचे प्रकाशक! बँकेतली नोकरी सांभाळून धाकटीने कॉलेजच्या पोरापोरींसाठी अद्भुत कादंबरी लिहिली होती. एक सोळा वर्षांची मुलगी पाठीवर सॅक घेऊन उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरते आणि लिफ्ट तळघराच्याही खाली जाते. तिथे डोह. डोहात जुन्या दंतकथेतली राणी. रात्री रडणाऱ्या मुलांचे आवाज चोरायचे, हा तिचा धंदा. पूर्वी ती ते मडक्यांत भरून ठेवायची, आता लोकांच्या मोबाइलमध्ये ठेवते. राणी कुणाच्या बापाला भीत नाही, भिते फक्त कात्रीला. म्हणून त्या मुलीच्या सॅकमध्ये कायम एक कात्री असते.

"जुन्या दंतकथेला काय नवा अवतार दिलाय!" असं प्रकाशक म्हणाले म्हणे.

जुनी दंतकथा! डोंबल! ती राणी ताईची होती. चार गोष्टी इकडून तिकडून कानावर आलेल्या, बाकी सगळी मनची. आई गेली तेव्हा ताई शाळकरी होती आणि धाकटी एवढीशी. वडील रात्रपाळीला जायचे. धाकटी काही केल्या झोपायची नाही. ताई गोष्ट सांगू लागली की हातपाय आपटायची. "तुझी नको! आईची पाहिजे!" शेवटी एकदा ताई वैतागून म्हणाली, "अगं बाई, ही आईचीच आहे. जाण्याआधी तुझ्यासाठी सांगून ठेवलीये माझ्यापाशी." पोरगी चिडीचूप झाली. मग रोज एक गोष्ट लागायची, आणि रोज ताई ती आईच्या नावावर खपवायची. दिवसभर भांडी घासता घासता रात्रीच्या गोष्टीची जुळवाजुळव चालायची. आई बिचारी आयुष्यात गोष्ट सांगायला कधी बसली नव्हती. तिला वेळ कुठे होता?

"इकडे आण तो," ताई म्हणाली.

चष्मेवालीने पहिला फर्मा पुढे सरकवला. ताईने घडी उलगडून पाहिली. पुस्तकाच्या नावामागच्या पानावर, मधोमध, ऐसपैस जागा सोडून छापलं होतं: 'आईला. जाण्याआधी तिने माझ्यासाठी सांगून ठेवलेल्या गोष्टींबद्दल.'

पुढच्या पानावर आभार. त्यात प्रकाशक, चित्रकार, बँकेतल्या मैत्रिणी, टायपिंग करणारा मुलगा. अगदी तळाशी, पान संपता संपता, 'आणि ताईला, वेळोवेळी केलेल्या चहाबद्दल.'

"अय्या, तुझंपण नाव आहे!" चष्मेवाली म्हणाली.

"आहे ना. चहावाली म्हणून."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटीचा तर राग होताच, पण खरा हेवा वाटला तो आईचा. मेलेल्या आईचा हेवा करायचा म्हणजे काय म्हणावं? पण वाटला, भडभडून वाटला. घसा माझा सुकला, झोप माझी गेली, आणि मान मिळाला भिंतीवरच्या फोटोला!

त्या बाइंडिंगमध्ये एक रीत होती. पहिली प्रत एकाच बाईने सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधायची आणि लेखक आला की तिनेच ती त्याच्या हातात द्यायची. आज मालकांनी ताईलाच सांगितलं होतं. "घरचं कार्य आहे तुझ्या. तूच बांध. बहीण येईल दुपारी."

ताईने फर्मे जुळवले. बाकीचे सरळ ठेवले आणि पहिला उलटा केला. जाणूनबुजून केला. शिवला, पाठीला गोंद लावला, कव्हर चढवलं. वरून पुस्तक कसं देखणं दिसत होतं! उघडलं की मात्र पहिल्यांदा सोळावं पान, तेही उलटं, आणि आईची ती ओळ तिकडे मागे, खाली डोकं वर पाय. नवशिकीनेही अशी चूक केली तर मालक खोली डोक्यावर घेत. घे म्हणावं तुझी पहिली प्रत. दाखव सगळ्यांना.

धाकटी आली ती बिस्किटांचे पुडे घेऊन, नवी साडी नेसून. बायकांनी तिला गराडा घातला. कुणी म्हणालं सही दे, कुणी म्हणालं आम्हाला घाल पुढच्या पुस्तकात. धाकटी लाजली, हसली आणि तशीच ताईच्या टेबलापाशी येऊन स्टुलावर बसली.

"झालं?"

"झालंय की."

ताईने पुस्तक पुढे केलं. धाकटीने ते दोन्ही हातांनी घेतलं, पण उघडलं नाही. कव्हरवरून नुसता हात फिरवत राहिली.

"ताई, एक विचारू? हसणार नाहीस ना?"

"विचार."

"आईचा आवाज कसा होता गं?"

ताईने हातातला गोंदाचा ब्रश खाली ठेवला.

"मला काही म्हणजे काही आठवत नाही," धाकटी म्हणाली. "तोंड फोटोत दिसतं. आवाज कुठून आणू? अख्खं पुस्तक लिहिताना वाटायचं, लिहिता लिहिता एकदा तरी ऐकू येईल. नाही आला. दर वेळी तुझाच यायचा." ती ओशाळून हसली. "खरं सांगू? लहानपणापासून तुझ्यावर जळते मी. तुझ्याजवळ बसून आईने एवढ्या गोष्टी सांगितल्या. तू ऐकलंस तिला. मला मिळाल्या त्या उष्ट्या."

ताईच्या अगदी ओठावर आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. वेडे, तुला आठवतोय तोच आवाज खरा आहे, दुसरा नव्हताच कधी! मग कसली पहिली प्रत आणि कसला उलटा फर्मा, सगळा मान एका क्षणात पदरात पडला असता. आणि धाकटीपाशी आईचं काय उरलं असतं? भिंतीवरचा फोटो.

"बसका होता जरा," ती म्हणाली. "तुझ्यासारखाच. गोष्ट रंगात आली की आणखी खाली जायचा. मुद्दाम जवळ सरकायला लागायचं."

"खरंच?"

"मग काय खोटं सांगते?"

धाकटीचे डोळे भरून आले. ते पुसून ती पुस्तक उघडणार तोच ताईने ते तिच्या हातातून ओढून घेतलं.

"थांब. ही नको. फर्मा उलटा लागलाय."

"तुझ्या हातून?"

"लागतो कधी कधी. बस तिथे, आत्ता देते सरळ करून."

गोंद अजून ओला होता. ताईने कव्हर सोलून काढलं आणि कात्रीने पहिल्या फर्म्याचा दोरा कापला. आईची ओळ वर डोकं करून जागेवर बसवली आणि पुन्हा सुई ओवली. शिलाईकडच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. ताईची चूक त्यांनी आजवर पाहिली नव्हती. चष्मेवालीने काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि ताईने तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

धाकटी हनुवटीखाली हात घेऊन बघत होती, लहानपणी बघायची तशी.

"ताई, प्रकाशक सारखं विचारतात, वाचकही विचारतील. राणी कात्रीलाच का भिते? सुरीला का नाही, विळीला का नाही? आईने काही सांगितलं होतं?"

ताईने टाका ओढला. लहानपणी एका रात्री धाकटीची नखं वाढली होती. रडत रडत ती स्वतःलाच ओरबाडत होती. ताईने तिला मांडीवर घेऊन दिव्याखाली नखं कापायला सुरुवात केली, आणि हातात कात्री होती म्हणून राणी कात्रीला भ्यायला लागली. धाकटी हात न हलवता, तोंड उघडं टाकून ऐकत राहिली होती.

"नाही," ताई म्हणाली. "ते नाही सांगितलं आईने."

"तुला काय वाटतं?"

"मला काय कळतं त्यातलं? मी चहावाली."

धाकटी मोठ्याने हसली. तिला ती थट्टाच वाटली. ताईही हसली थोडी. बाकी सगळं तिने आईला देऊन टाकलं होतं, हे एवढं कुणालाच द्यायचं नव्हतं. तिने शेवटची गाठ मारली, दोरा कापला आणि कात्री खणात ठेवली.

"घे," ती म्हणाली. "जपून उघड, गोंद ओला आहे."