खालच्या फळीवरचं पत्र

मित्रांनो, आमच्या मालकांकडे एक पत्र सहा वर्षं उत्तरावाचून पडून होतं. धाकट्या भावाने पाठवलेलं. त्यात विचारपूस होती ती माझीच, म्हणून ही हकिगत मी सांगतो. मी एक जुना गुडघा आहे. उजवा. मूर्खाची अक्कल गुडघ्यात असते असं लोक म्हणतात, तेव्हा मला हे कितपत नीट सांगता येईल, देव जाणे.

लहानपणी मी सदा खरचटलेला असे. पण माझं खरं काम वेगळंच होतं. मालक पलंगावर पाय दुमडून बसत आणि पुस्तक माझ्यावर टेकवून वाचत. पुढे ते ग्रंथालयात नोकरीला लागले. सर्वांत खालच्या फळीवरची पुस्तकं काढायला मी दिवसातून पन्नास वेळा जमिनीला टेकत असे. "खालचं पुस्तक मागावं तर यांच्याकडेच, कधी कपाळाला आठी नाही," असं वाचक म्हणत. कौतुक मालकांचं होई. मी ते गुपचूप आपलं धरून चाले.

मग घर बदलायची वेळ आली. दोघे भाऊ पुस्तकांचं कपाट जिन्यावरून उतरवत होते. मालक खाली, धाकटे वर.

"दादा, आधी पुस्तकं काढू या रे."

"नको. क्रम बिघडेल."

"क्रम पुन्हा लावता येईल. हाडं मोडली तर ती कोण लावणार?"

"तू बडबड कमी कर आणि नीट धर!"

पाचव्या पायरीवर धाकट्यांचा हात सुटला. कपाट माझ्यावर आलं. कुलूप लावलेलं होतं, त्यामुळे आतला क्रम मात्र जसाच्या तसा राहिला.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी मला रोज वाकवायला सांगितलं होतं. मालक घाबरले. पट्टा बांधून त्यांनी मला सरळच ठेवलं. दुखू नये म्हणून जपलं, आणि जपता जपता मी आखडून लाकूड झालो.

त्याच सुमारास पत्र आलं. 'दादा, माझाच हात सुटला. तोंड दाखवायची लाज वाटते. गुडघा कसा आहे, एवढं तरी कळव.' मालकांनी ते दोनदा वाचलं आणि खुर्चीतूनच, काठीने, त्याच कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर सारलं. उत्तर द्यायचं तर खरं लिहावं लागलं असतं. चूक हाताची नव्हती, हट्टाची होती. 'खाली वाकता येत नाही' ही सबब मी त्यांना आयती पुरवली.

धाकटे पुन्हा आले नाहीत. दुसरंही कोणी फारसं येईना. जेवणाच्या टेबलाखाली मी ताठ पसरलेला असे, वर एकच ताट. दोघांचा भार डावा गुडघा एकटा वाहत होता. शेवटी तोही कुरकुरू लागला, तेव्हा कुठे मालक व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे गेले.

"काका, गुडघा काय कपाटात मांडून ठेवायला दिलाय?"

"दुखतो हो."

"दुखेलच! सहा वर्षं वाळीत टाकलंत त्याला. रुसणार नाही तो?"

मग रोज टाच पलंगावरून मागे ओढायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायची. पहिल्या दिवशी मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला डोळे नाहीत एवढंच.

बरेच महिने गेले. एका सकाळी मालकांनी कपाटाला धरलं. आधी डावा टेकला, मग कटकट करत मी. खालच्या फळीवर धूळ होती आणि ते पत्र होतं. ते घेऊन मालक तिथेच जमिनीवर बसले, त्यांनी मला उभं दुमडलं आणि वही माझ्यावर टेकवून ते लिहू लागले. किती वर्षांनी!

'गुडघा दुखतो, पण वाकतो. हात तुझा सुटला, पण पुस्तकं काढू दिली नाहीत ती मी. तू सांगत होतास. माझं चुकलं. ये एकदा.'

मित्रांनो, दुखरं असेल ते बांधून ठेवू नका. थोडं थोडं वाकवा, त्याची कुरकुर ऐकून घ्या. गुडघे पोटाकडेच वळतात म्हणतात, ते खरं आहे. पण वळायचं तर आधी हलावं लागतं.

वीस पायऱ्या उतरून आम्ही टपालपेटीपाशी गेलो. मालकांनी पाकीट फटीत अर्धं सारलं आणि तसंच घट्ट धरून उभे राहिले. बराच वेळ. मी थरथरू लागलो, पण वाकलो नाही.

मग त्यांनी हात सोडला.