बाळंतिणीची शेगडी

गडहिंग्लजात कुणाच्या घरी बाळंतीण आली, की रत्नव्वा आणि तानाबाईला निरोप यायचा. तानाबाई आईला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालायची, रत्नव्वा शेक द्यायची. बाभळीचा कोळसा ती अंगणातच फुलवायची, धूर पार सरला की शेगडी बाजेखाली सरकवायची. वीस वर्षं दोघी एका ताटात जेवल्या.

शहाण्णव सालच्या जानेवारीत रुद्रेश अडत्याची बायको सुष्मिता बाळंत झाली. थंडी हाडांत शिरत होती. परसात बंबाला जळण घालायला जाताना रत्नव्वानं तानाबाईला बजावलं, खिडकी उघडीच ठेव. परत आली तर खिडकी बंद, तानाबाई पडवीत सुष्मिताच्या सासूशी बोलत बसलेली, आणि सुष्मिताची मान एका अंगाला कलंडलेली. रत्नव्वानं तिला काखेत धरून ओढत अंगणात आणलं. बाळ आजीच्या मांडीवर होतं म्हणून वाचलं.

सुष्मिता संध्याकाळी शुद्धीवर आली. कोंडलेल्या खोलीत कोळशाचा वायू साठला होता, डॉक्टर म्हणाले. खिडकी कुणी लावली, असं सासूनं विचारलं.

तानाबाई पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाली, "रत्नव्वानं. म्या नको म्हटलंतं."

तानी भेदरलीय, उद्या खरं सांगेल, असं रत्नव्वाला वाटलं. तो उद्या आलाच नाही. बातमी गावभर झाली, निरोप यायचे थांबले. तानाबाईला मात्र बोलावणी येत राहिली.

शेवटी रत्नव्वा तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"तुझा लेक सोमशेखर कागलला एमआयडीसीत लागलाय," तानाबाई चुलीपुढून न उठता म्हणाली. "तुला दोन घास मिळतील. माझं कोण हाय गं?"

"काम मागितलं असतंस तर समदं दिलं असतं की. माझं नाव कशाला घालवलंस?"

तानाबाईनं चुलीत शेणकूट सारलं.

वर्षं सरली. घराघरांत गॅसचे गिझर आले, बाळंतिणीच्या खोलीत विजेचे हीटर आले. कोळसा मागणारी घरं बोटावर मोजण्याइतकी उरली. अशात रत्नव्वाची लेक शिवलीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सासरच्यांनी आधीच कळवलं होतं, शेगडी नको, हीटर लावा. आणि न्हाऊ घालायला तानाबाईच पाहिजे.

मुलगा झाला, तानाबाई आली. रत्नव्वानं तिला चहा दिला, तेलाची वाटी पुढं ठेवली. पाठ चोळून घेता घेता शिवलीलानं आईला हळूच विचारलं, "अव्वा, एक विचारू? त्या वेळची खिडकी तूच लावलीतीस नव्हं?"

तानाबाईचा हात थांबला. रत्नव्वा तिच्याकडं बघत राहिली. तानाबाईनं मान वर केली नाही. हात पुन्हा पाठीवरून फिरू लागला.

"न्हाय," रत्नव्वा म्हणाली.

"बरं बरं. जाऊ दे, आता काय त्याचं," शिवलीला म्हणाली. लहान पोराची समजूत काढावी तसा तिचा आवाज होता.

रत्नव्वा उठून परसात गेली. नातवाच्या अंघोळीचं पाणी अजून तापायचं होतं.